स्टेनलेस स्टीलला म्हणे जतन लागत नाही!

भाचीने शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता केलाय. विषय : जगातली पहिली डिझेल गाडी. अक्षर सुरेख, चित्र झकास, आणि मजकूर शब्दशः त्या फॉरवर्डमधला, जो दोन आठवडे सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. ‘मामा, एकदा नजर टाक ना,’ म्हणाली. टाकली. आता ती माझ्यावर रुसलीय आणि मी त्या फॉरवर्डवाल्यावर चिडलोय.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल ते सुखी. त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेची ‘पायोनियर झेफायर’ (१९३४) ही जगातली पहिली डिझेल प्रवासी गाडी. ती डेन्व्हरहून शिकागोला न थांबता, ताशी १८१ किलोमीटरने गेली. तिला टक्कर द्यायला हिटलरने ‘फ्लाइंग हॅम्बुर्गर’ ही जर्मन डिझेल गाडी बनवून घेतली. पुढे युद्धात या सगळ्या गाड्या विमानांसाठी वितळवल्या. झेफायर तेवढी वाचली, आणि स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे एक पैसाही खर्च न करता आजतागायत उघड्यावर नव्यासारखी उभी आहे. वर शेवटी तळटीप : ‘जुन्या गाड्यांच्या डागडुजीवर पैसे उधळणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा.’

आधी ‘पहिली’चं बघू. स्वीडनमध्ये ७५ अश्वशक्तीचा डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे डबा १९१३ सालीच रुळावर आला होता. १९२५ मध्ये कॅनडात तसाच एक डबा माँट्रियलहून व्हँकूव्हरला ६७ तासांत पोचला. झेफायरला अमेरिकेतली पहिली डिझेल ‘स्ट्रीमलायनर’, म्हणजे वारा कापत जाणाऱ्या आकाराची गाडी म्हणा, माझी हरकत नाही. जगातली म्हणू नका.

हिटलरची गोष्ट तर नुसत्या तारखांनीच निकालात निघते. फ्लाइंग हॅम्बुर्गरची चाचणी डिसेंबर १९३२ मध्ये झाली. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. १५ मे १९३३ पासून ती गाडी बर्लिन-हॅम्बुर्ग हे २८६ किलोमीटर १३८ मिनिटांत कापू लागली. १९३४ साली जन्मणाऱ्या गाडीला १९३२ मध्येच टक्कर कशी दिली, ते लिहिणाराच जाणे.

वेगाचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. २६ मे १९३४ ला झेफायर डेन्व्हर ते शिकागो १,६३३ किलोमीटर खरोखरच न थांबता, १३ तास ५ मिनिटांत गेली. भागाकार केला की सरासरी येते १२५ च्या आसपास. १८१ हा त्या दिवसाचा कमाल वेग. त्या दिवसासाठी मार्ग मोकळा ठेवला होता, रस्त्याच्या फाटकांवर माणसं उभी केली होती. वाटेत एक तार जळाली, तेव्हा एकाने तारेची दोन टोकं हातांनी जुळवून धरली आणि हात भाजून घेतले. हे फॉरवर्डमध्ये नाही. खरी मजेदार गोष्ट तीच होती.

वितळवण्याचंही तसंच. युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपनीची एम-१०००० ही ॲल्युमिनियमची गाडी १९४२ मध्ये युद्धासाठी भंगारात गेली, हे खरं. पण तिचं इंजिन डिझेल नव्हतंच, ते स्पार्क प्लगवर चालायचं. एका गाडीचं ‘सगळ्या’ कधी झालं?

आता स्टेनलेसचं ते वाक्य, जे भाचीने लाल पेनाने चौकटीत लिहिलंय.

स्टेनलेस गंजत नाही, कारण त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार करतं. पण तेच पोलाद साध्या पद्धतीने, जास्त वेळ तापवून जोडलं, की सांध्याजवळचं क्रोमियम कार्बनला चिकटून बसतं आणि नेमकी तेवढीच पट्टी गंजायला मोकळी होते. गाडी बांधणाऱ्या बड कंपनीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी ‘शॉटवेल्ड’ ही पद्धत काढली : सेकंदाच्या अंशापुरता विजेचा प्रचंड झटका देऊन ठिपक्याठिपक्याने जोडायचं. म्हणजे अशी गाडी दुरुस्तीला काढून कुणा हौशी वेल्डरच्या हाती दिली, तर दुरुस्तीच तिला गंजवेल. शिवाय स्टेनलेस साध्या पोलादाला जिथे टेकतं, तिथे ओल साचली की साधं पोलाद झपाट्याने खाल्लं जातं. खिडक्यांचं रबर, तारांची वेष्टनं, गाद्या, इंजिन यांतलं स्टेनलेस काय आहे?

आणि पुरावा दूर शोधायला नको, झेफायर स्वतःच आहे. १९६० मध्ये ती शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाला दिली गेली. तिथे तीसेक वर्षं ती खरंच उघड्यावर होती. मग नव्वदच्या दशकात संग्रहालयाने ती हलवली, तिची नीट दुरुस्ती करून घेतली आणि जमिनीखालच्या दालनात आणून ठेवली. फुकट टिकणारी वस्तू कुणी इतका खटाटोप करून तळघरात नेत नाही. तिची धाकटी बहीण ‘फ्लाइंग यांकी’, त्याच कंपनीची, १९३५ ची, त्याच स्टेनलेसची. १९५७ मध्ये निवृत्त झाली, अनेक वर्षं पडून राहिली, आणि तिची दुरुस्ती रखडतच राहिली. धातू तोच, नशीब वेगळं. फ्लाइंग हॅम्बुर्गरचा तर एका टोकाचा भागच न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर तिने लाल चौकटीवर कागद चिकटवला. मथळाही बदलला. अडचण चित्राची आहे. झेफायरच्या डोक्यावर तिने भलामोठा पिवळा सूर्य काढलाय, आणि आता तिला तिथे छत हवंय. तेलखडूचा रंग खोडरबराने जाता जात नाहीये.