आधी चासी, मग इंजिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

दहा-बारा वर्षे वापरलेली स्कॉर्पिओ किंवा सफारी घेण्यापूर्वी काय पाहावे, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. इंजिन हा गाडीचा जीव असताना मी ते दोन परिच्छेदांत उरकले आणि गंजावर पाने भरली, हा पहिला. गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहू देणारा विक्रेता प्रत्यक्षात भेटत नाही, हा दुसरा. आणि ओळखीच्या मिस्त्रीने आवाज ऐकून दिलेला कौल पुरेसा असतो, हा तिसरा. पहिल्यातील अर्धा भाग मला मान्य आहे, बाकीचे मान्य नाही.

लहान मोटारींमध्ये सांगाडा आणि बॉडी एकच असते. बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सफारी या गाड्यांची रचना वेगळी आहे. खाली शिडीसारखी पोलादी चासी असते, इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळे तिच्यावर बसवलेले असते आणि बॉडी वरून बोल्टांनी आवळलेली असते. चासीच्या दोन्ही उभ्या पट्ट्या आतून पोकळ असल्याने चिखल-पाणी आत साचते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून दिसेपर्यंत पत्रा बराच खाल्ला गेलेला असतो. इंजिन खोलून पुन्हा बांधता येते, त्याचा खर्च आधी काढता येतो आणि तो किमतीतून वळता करून घेता येतो. कुजलेल्या चासीचे तसे नाही. वेल्डिंग करून ठिगळ लावले तरी मूळ ताकद येत नाही, आणि चासी क्रमांक याच पट्टीवर कोरलेला असल्याने तो गंजून अवाच्य झाला, तर आरटीओच्या तपासणीत गाडी अडकते. माझा क्रम चासीपासून सुरू होतो, तो एवढ्यासाठीच.

चार वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यासाठी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या गावी २०११ ची एक सफारी पाहायला गेलो होतो. सोबत मिस्त्री होता. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, धूर नव्हता, आवाज एकसारखा होता, आणि मेहुणा टोकन देण्याच्या तयारीत होता. मी सतरंजी टाकून टॉर्च घेऊन खाली शिरलो, तेव्हा चासीवर नुकताच मारलेला काळा रंग दिसला. इतके पावसाळे समुद्रकाठी काढलेल्या गाडीचे पोट इतके काळेभोर का, ही शंका आली म्हणून छोट्या हातोडीने पट्टीवर टिचक्या मारत मागे गेलो. पुढे खणखणीत येणारा आवाज मागच्या ॲक्सलवरच्या (चाके जोडणाऱ्या दांड्यावरच्या) चासीच्या वळणापाशी एकदम बद्द झाला. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून दाबले, तर ते रंगातून आत गेले आणि तपकिरी पापुद्र्यांबरोबर पुट्टीचा पांढरा भुगा हातावर पडला. मिस्त्रीने इंजिनाबद्दल सांगितलेले सर्व खरे होते. चासीबद्दल त्याला कोणी विचारलेच नव्हते. म्हणून मिस्त्री जरूर न्यावा, परंतु त्याला खालीही शिरायला सांगावे.

आता जे मान्य आहे ते. कॉमन रेल डिझेल इंजिनावर (ज्यात एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल सर्व इंजेक्टरांना जाते) मी अधिक लिहायला हवे होते, कारण इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) यांचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने मोठा असतो. गाडी पाहायला गेल्यावर प्रथम बोनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल, तर आपण येण्याआधीच कोणीतरी गाडी सुरू करून ठेवली आहे असे समजावे आणि थंड इंजिन पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. इंजिन गरम झाल्यावर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तिथेच उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर चालते, मात्र ते उडू लागले आणि भोकातून धुराचे भपके येऊ लागले, तर सिलिंडरमधल्या रिंगा-लायनर झिजले आहेत. यालाच मिस्त्री मंडळी ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. इंजेक्टरसाठी परतीच्या नळ्यांना छोट्या बाटल्या जोडून प्रत्येकातून किती डिझेल परत येते ते मोजतात. एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली, तर तो इंजेक्टर गळका आहे. यातले काहीच नुसत्या आवाजावरून कळत नाही.

रॅम्पचा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही. ‘गॅरेजला नेऊ’ म्हटले की विक्रेता बिथरतो, हे खरे. परंतु ‘माझ्या खर्चाने वॉशिंग करून पाहू’ याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि वॉशिंग सेंटरवर रॅम्प असतोच. शिवाय पाण्याचा फवारा बसला की वरवरचा रंग आणि चिखल निघून पोट स्वच्छ दिसते.

मीटरवरच्या कमी किलोमीटरवर आपण बराच भरवसा ठेवला आहे, तो ठेवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले होते. पुरातून काढलेल्या गाडीच्या मीटरवरही आकडा कमी असू शकतो. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावा, कारण आत गुंडाळलेला भाग सहसा कोणी धूत नाही आणि पाणी जिथवर चढले तिथे मातकट रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्टही गंजले आहेत का ते पाहावे.

आपण शेवटी लिहिले आहे की आपल्याला २०१३ ची दिल्ली पासिंगची डिझेल स्कॉर्पिओ स्वस्तात मिळते आहे. ती स्वस्त आहे, कारण दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात मनाई करणारा आदेश राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ साली दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो उचलून धरला, आणि तेव्हापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय, आरसीवर कर्जाचा बोजा उरलेला नाही याची खात्री झाल्याशिवाय आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा एकरकमी वाहनकर किती होईल ते आपल्या आरटीओत विचारल्याशिवाय टोकन देऊ नये. शिवाय या गाडीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतील. त्या वेळी नूतनीकरणासाठी तपासणी होईल आणि पर्यावरण कर भरावा लागेल, तोही आजच्या किमतीत धरावा.

इंजिनाचा भाग मी मूळ लेखात आजच वाढवतो आहे. आपण गाडी वॉशिंगला नेलीत, तर मागच्या ॲक्सलवरच्या वळणाचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवावेत. पाहून मत कळवेन.