बंद खोलीत जमीन विकता येते का?

दोन शेजारी देशांत सीमेवरून बोलणी चालू असल्याची कुणकुण लागली, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. देशांची नावं बदलतात, मजकूर तोच. त्यात असतं ते एवढंच: 'गुपचूप बोलण्यांतून आजवर एकही सीमावाद सुटलेला नाही. दाराआड बोलायचं म्हणजे जनतेच्या माघारी जमीन विकायची. मध्यस्थ फक्त स्वतःची पोळी भाजून घेतो. लपवण्यासारखं काही नसेल तर कॅमेऱ्यासमोर बोला.' चार वाक्यं, चारही छातीठोक.

पहिलं वाक्य सरळ खोटं आहे.

दक्षिण अमेरिकेच्या शेंड्याला बीगल सामुद्रधुनी आहे. तिच्या पूर्वेच्या तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन बेटं. १८८१च्या करारातल्या शब्दांचा आपापला अर्थ लावून चिली आणि अर्जेंटिना दोघंही त्यांवर हक्क सांगत होते. बेटं किरकोळ, पण त्यांच्यामागोमाग अटलांटिकमधल्या पाण्यावरचा हक्क येत होता आणि खरं दुखणं तिथे होतं. वाद ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने नेमलेल्या लवादाकडे गेला. पाच न्यायाधीश बसले, नकाशे तपासले गेले आणि १९७७ मध्ये निवाडा जाहीर झाला: तिन्ही बेटं चिलीची. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने तो धुडकावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिची लढाऊ जहाजं बेटांच्या रोखाने निघाली होती. कायद्याचा छापील निवाडा हातात असूनही युद्ध काही तासांवर आलं होतं.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपण दूत पाठवत असल्याचं दोन्ही राजधान्यांना कळवलं आणि हल्ला ऐन वेळी मागे घेतला गेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कार्डिनल अंतोनियो सामोरे ब्युनॉस आयर्सला पोचले. मग सांतियागो, परत ब्युनॉस आयर्स, अशा खेपा. ८ जानेवारी १९७९ रोजी उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत, दोन्ही देशांनी लिहून दिलं की आम्ही मध्यस्थी मागतो आणि बळ वापरणार नाही. पुढची सहा वर्षं व्हॅटिकनमध्ये बोलणी चालली.

ती बंद दाराआड का, हे समजायला फार मुत्सद्देगिरी लागत नाही. 'एक इंचही देणार नाही' असं भर सभेत गर्जून आलेल्या माणसाला 'बेटं सोडली तर पाण्याचं काय?' एवढं नुसतं विचारायचं असलं, तरी ते चारचौघांत विचारता येत नाही. दोघांशी वेगवेगळं बोलणाऱ्या मध्यस्थापाशी तोच प्रश्न कुणाच्याच नावावर न टाकता ठेवता येतो. नाही जमलं, तर तो कुणी विचारलाच नव्हता.

अर्थात, खोली बंद केली की गाठ आपोआप सुटते, असंही नाही. डिसेंबर १९८० मध्ये पोपने मांडलेला तोडगा चिलीने मान्य केला, पण अर्जेंटिनाकडून होकार आलाच नाही. ब्रिटनशी फॉकलंडचं युद्ध हरून अर्जेंटिनाची लष्करी राजवट कोसळली आणि १९८३च्या अखेरीस राऊल आल्फोन्सिन अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा कुठे गाडी हलली. कार्डिनल सामोरे ते बघायला नव्हते. ते त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले. शिवाय मध्यस्थीतून झालेला प्रत्येक करार टिकतो असंही नाही. अल्जीरियाच्या मध्यस्थीने १९७५ मध्ये इराण आणि इराकने केलेला सीमाकरार सद्दाम हुसेनने १९८० मध्ये मोडीत काढला आणि आठ वर्षांचं युद्ध सुरू केलं.

आता जमीन विकण्याचं. या वाक्यात बोलणी आणि करार यांची सरमिसळ आहे. नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी १९५८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला देण्याचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मत दिलं, की भारताची भूमी दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. त्यासाठी नववी घटनादुरुस्ती संसदेत आणावी लागली. पंतप्रधानांनी हस्तांदोलन केलं म्हणून जमीन गेली, असं झालं नाही.

इथे एक फट मात्र खरीच आहे. कच्छच्या रणाबाबत लवादाने १९६८ मध्ये वादग्रस्त भागाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला, तेव्हा न्यायालयाने पुढच्या वर्षी म्हटलं, की ही भूमी देणं नव्हे, मुळात अनिश्चित असलेली सीमा ठरवणं आहे. घटनादुरुस्तीची गरज नाही. 'देणं' आणि 'ठरवणं' यांतली रेघ कोण आखतो, यावर भांडायला हवं. फिरणाऱ्या मजकुराला त्याचा पत्ताच नाही.

मध्यस्थाची पोळी? भाजते की. १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्रायलची बोलणी घडवायला कॅम्प डेव्हिड या आपल्या विश्रामस्थानी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर काही पुण्य मिळवायला बसले नव्हते. अमेरिकेला इजिप्त आपल्या गोटात पक्का हवा होता. पहिल्या काही दिवसांतच इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांचं इतकं बिनसलं, की उरलेले बहुतेक दिवस अमेरिकन मंडळी मसुद्याचा कागद घेऊन एका कुटीतून दुसऱ्या कुटीत जात राहिली. तेरा दिवस वार्ताहर कुंपणाबाहेर. पण इस्रायलने इजिप्तकडून युद्धात घेतलेल्या सिनाईतल्या इस्रायली वसाहती हटवायच्या की नाही, हे बेगिन यांनी तिथे ठरवलं नाही; ते इस्रायलच्या संसदेत मताला टाकलं. २५ एप्रिल १९८२ रोजी सिनाई इजिप्तकडे परत गेला, अपवाद ताबाच्या चिमुकल्या पट्ट्याचा. मध्यस्थाचा स्वार्थ काय आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असेल, तर त्याचा हिशेब धरून बोलता येतं.

उरला कॅमेरा. ही मागणी जुनी आणि एकेकाळी रास्तही होती. १९१६च्या साइक्स-पिको कराराने ब्रिटन आणि फ्रान्सने पश्चिम आशिया आपसांत वाटून घेतला, आणि ज्यांची जमीन होती त्यांना खोलीत जागाच नव्हती. रशियातल्या बोल्शेविकांनी १९१७ मध्ये तो करार चव्हाट्यावर आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी करार उघड हवेत आणि बोलणीही उघड हवीत, असं चौदा कलमांत पहिल्या क्रमांकावर घातलं. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत मात्र तेच विल्सन ब्रिटनचे लॉइड जॉर्ज आणि फ्रान्सचे क्लेमांसो या पंतप्रधानांसोबत बंद दाराआड बसले. त्यांच्या मागणीतला अर्धा भाग टिकला: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०२व्या कलमानुसार नोंद न केलेला करार त्या संघटनेच्या कुठल्याही अंगापुढे पुरावा म्हणून मांडता येत नाही. बोलण्यांबद्दल त्यात अक्षर नाही.

बीगलच्या वेळीही कॅमेरा आला, पण मसुदा तयार झाल्यावर. नोव्हेंबर १९८४ मध्ये अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री दान्ते कापुतो आणि विरोधी सिनेटर व्हिसेंते सादी यांनी टीव्हीवर त्यावर वाद घातला. २५ तारखेला अर्जेंटिनात झालेल्या सार्वमतात ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला आणि चार दिवसांनी व्हॅटिकनमध्ये सह्या झाल्या. बेटं चिलीकडे राहिली, पाण्याच्या वाटणीत अर्जेंटिनाचा अटलांटिक सांभाळला गेला. चिलीत लष्करशहा पिनोशेंच्या राजवटीने कुणालाच विचारलं नाही. पण तिथे उघड्या दारातही जनतेला कोण विचारत होतं? अर्जेंटिनात सार्वमत बंधनकारक नव्हतं, त्यामुळे करार सिनेटपुढे गेला. मार्च १९८५ मध्ये तो २३ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाला.