आकडा त्यांचा, माप आपलं

परक्या मुलखातलं तेल साठ-पंच्याहत्तर वर्षांच्या बोलीने पदरात पाडून घ्यायचं असेल, तर तेलाविषयी काही माहीत असण्याची गरज नाही. त्या मुलखात जाण्याचीही नाही. विल्यम नॉक्स डार्सीने २८ मे १९०१ रोजी इराणच्या मुजफ्फरुद्दीन शहाकडून सुमारे ४ लाख ८० हजार चौरस मैलांवर ६० वर्षांचा हक्क मिळवला आणि मरेपर्यंत इराणात पाऊल टाकलं नाही. पाठवायचा तो माणूस पाठवला आणि स्वतः लंडनमध्ये राहिला. तेव्हा तुम्हीही उन्हाची टोपी आणि उंटाचं भाडं यांवर खर्च करू नका. कराराचा कच्चा मसुदा आपल्याच घरी तयार झाला पाहिजे, एवढं पाहा. बाकी सगळं त्यातून येतं.

मुहूर्त मात्र नीट काढा. भरल्या घरी इसार घेऊन गेलात, तर दार उघडणार नाही. शहा युरोपच्या सहलींसाठी कर्ज काढत होता, तो योग उत्तम. आखातातल्या शेखांच्या बाबतीत सर्वोत्तम काळ म्हणजे १९३० च्या आसपासचा. कुवेत, बहरीन, कतार यांचं पोट मोत्यांवर, आणि मोत्यांचा बाजार मुंबईत. एकीकडे जपानी लागवडीचे मोती आले, दुसरीकडे जागतिक मंदी आली, आणि पाणबुडे कर्जात बुडाले. सौदीच्या राजाची मिळकत हाजींवर, आणि मंदीत हाजी घटले. अशा वेळी तुम्ही तेलाचं नावही काढू नका. न्यूझीलंडच्या फ्रँक होम्सने बहरीनमध्ये आधी पाण्याच्या विहिरी खोदून दिल्या. गोडं पाणी लागलं, शेख खूश झाले, आणि १९२५ मध्ये तेलाचा करार हाती आला. पुढे लोक त्याला ‘अबू अल-नफ्त’, म्हणजे तेलाचा बाप म्हणू लागले. (शेजारच्या अल-हसाचा, म्हणजे सौदीच्या पूर्व किनाऱ्याचा, हक्कही त्याने १९२३ मध्ये वर्षाला २,००० पौंडांच्या बोलीने घेतला होता. दोन वर्षांनी भाडं थकवलं आणि तो गेला. थकवायचंच असेल तर निदान खाली काय आहे ते बघून थकवा.)

आता इसाराकडे वळू. मसुदा मातीचा असला तरी चालेल, इसार मात्र दिसायला, ऐकायला आणि उचलायला जड हवा. २९ मे १९३३ रोजी जेद्दाच्या खुझाम राजवाड्यात स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने सौदी अरबस्तानशी करार केला. त्यातली पहिली रक्कम ३५,००० सोन्याचे पौंड : ३०,००० कर्जाऊ आणि ५,००० पहिल्या वर्षाचं भाडं. पण रूझवेल्टने त्याच वसंतात सोनं देशाबाहेर न्यायला बंदी घातलेली, आणि अमेरिकी खजिन्याने परवानगी नाकारली. मग नाणी लंडनमध्ये गोळा केली, सात पेट्यांत भरली आणि बोटीने जेद्दाला उतरवली. एका नाण्याचं वजन आठ ग्रॅमला किंचित कमी, म्हणजे सगळा ऐवज २८० किलो आणि एकेका पेटीत चाळीस किलो. हे सोनं डच व्यापारी बँकेच्या कचेरीत टेबलावर ओतून एकेक नाणं मोजलं गेलं. नाण्यांवर राणी व्हिक्टोरिया नको, राजाचंच तोंड हवं, बाईचं तोंड असलं तर बाजारात भाव पडेल, अशीही काळजी घेतली होती म्हणतात. तुम्हीही घ्या. इतकी बारीक काळजी घेणारा माणूस टनाच्या व्याख्येत काही गडबड करील असा संशय कुणाला येतो?

राजाचा विश्वासू सल्लागार आपल्या पगारावर असणं हे सोन्याहून जास्त उपयोगी. इब्न सौदच्या बैठकीतला सेंट जॉन फिलबी हा इंग्रज स्टँडर्ड ऑइलकडून महिन्याला १,००० डॉलर घेत होता, आणि प्रतिस्पर्धी इराक पेट्रोलियमची माणसं त्याच्याशी आपला म्हणून बोलत होती. दुसरा उपाय भाषेचा. डार्सीचा करार रशियाला आधी कळला असता तर मोडला असता, आणि रशियाला न कळवावं तर तो रुसला असता. म्हणून वजिराने रशियन वकिलातीला पत्र रीतसर पाठवलं, पण ते शिकस्ता वळणात. आपल्या मोडीसारखं पळतं अक्षर. ते वाचणारा एकुलता एक चिटणीस नेमका रजेवर, आणि तो परतेपर्यंत सह्या होऊन गेल्या, अशी हकीकत आहे. रशियाला लागून असलेले उत्तरेचे पाच प्रांत डार्सीने आधीच सोडले होते. जिथे भांडण उभं राहणार तेवढा तुकडा उदारपणे सोडावा.

आता मुख्य गोष्ट. समोरचा माणूस आकड्यावर भांडतो. तीन द्या, चार द्या, सोळा द्या. भांडू द्या, एखादा आकडा हरा, चेहरा पाडा, कॉफीचा आणखी एक पेला घ्या. आकड्याच्या पुढचा शब्द मात्र आपल्या पेटीतला असू द्या. उसाचा भाव कितीही जाहीर होवो, काट्यावर कोण बसलंय हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तेलात तोच काटा, फक्त बोली इंग्रजी.

पहिला शब्द ‘निव्वळ नफा’. डार्सीने शहाला २०,००० पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि निव्वळ नफ्याचे १६ टक्के कबूल केले. सोळा टक्के ऐकायला भारदस्त आहेत. पण निव्वळ म्हणजे कशातून काय वजा केल्यावर? तेल काढणारी कंपनी एक, वाहून नेणारी दुसरी, विकणारी तिसरी. नफा जिथे इराणचा हात पोचत नाही तिथे उगवतो. इंग्रज सरकारने १९१४ मध्ये डार्सीच्या हक्कावर उभ्या राहिलेल्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे ५१ टक्के शेअर घेतले आणि आपल्या आरमाराला तेल सवलतीत मिळेल अशी तजवीज केली. ती सवलत नफ्यातून गेली, इंग्रज सरकारचा कर नफ्यातून गेला, आणि मग जे खाली उरलं त्याचे सोळा टक्के शहाचे. पहिल्या महायुद्धात टोळीवाल्यांनी नळ फोडला, तर त्याची भरपाईही कंपनीने इराणच्याच हप्त्यात अडकवली. नफ्यावर मंदीही बसते : १९३० मध्ये इराणला सुमारे १२ लाख ८८ हजार पौंड मिळाले, १९३१ मध्ये ३ लाख ७ हजार. रझा शहाने १९३२ च्या नोव्हेंबरात संतापून करार रद्द केला. फाइल शेगडीत टाकली असंही सांगतात.

अशा वेळी घाबरू नका, नवा करार करा. १९३३ च्या करारात टनाला चार शिलिंग ठरले, क्षेत्र घटून १ लाख चौरस मैल झालं (कोणते एक लाख, ते कंपनीने निवडायचे), आणि मुदत नव्याने ६० वर्षं. जुना करार १९६१ मध्ये संपून कंपनीची इराणातली सगळी मालमत्ता फुकट सरकारजमा व्हायची होती. आता ते १९९३ वर गेलं. शहाने फाइल जाळली आणि कंपनीला ३२ वर्षं जास्तीची मिळाली. राजाचा राग असा वापरता आला पाहिजे.

दुसरा शब्द ‘रुपया’. हा आपल्या ओळखीचा आहे. आखातात हिंदुस्थानचाच रुपया चालायचा, त्यामुळे शेखांशी व्यवहारही रुपयांत. २३ डिसेंबर १९३४ रोजी कुवेतच्या शेख अहमद अल-जाबिर यांनी ७५ वर्षांच्या करारावर सही केली, त्याचे ४ लाख ७५ हजार रुपये. चांदीच्या नाण्यांत ओतले असते तर साडेपाच टन भरले असते. तेल सापडेपर्यंत वर्षाला ९५,००० आणि सापडल्यावर टनाला ३ रुपये. टन इंग्रजी, २,२४० पौंड वजनाचा, म्हणजे १,०१६ किलो. एका टनात साधारण साडेसात बॅरल धरा. ३ रुपयांचे आणे ४८. बॅरलला साडेसहा आणेसुद्धा पडत नाहीत.

पण सौंदर्य इथे नाही. त्या वेळच्या दराने ३ रुपये म्हणजे साडेचार शिलिंग, आणि सौदीला ठरले होते फक्त चार. कुवेतच्या दरबारात कुणाला वाटलं असेल की आपण शेजाऱ्याला हरवलं. सौदीचे चार शिलिंग सोन्याचे होते. त्यांच्या अर्थमंत्र्याने, अब्दुल्ला सुलेमानने, तो एक शब्द धरून ठेवला. (असा अर्थमंत्री समोर आला तर निमूट देऊन टाका. सगळे तसे नसतात.) रुपया मात्र १९३९ पर्यंत बारा भागांत अकरा भाग चांदीचा, १९४० मध्ये निम्म्या चांदीचा आणि १९४७ मध्ये निकेलचा झाला. कुवेतचं तेल बोटीत चढायला लागलं १९४६ मध्ये. १९४९ मध्ये पौंड घसरला, त्याच्यामागून रुपयाही, आणि डॉलर सव्वातीनच्या पुढून पावणेपाच रुपयांवर गेला. टनाचे ३ रुपये ३ च राहिले, पण त्यांचे ९० सेंट होत होते ते ६३ झाले. सौदीच्या चार शिलिंगांत मात्र जवळजवळ दीड ग्रॅम शुद्ध सोनं, अमेरिकेच्या सरकारी भावाने १ डॉलर ६५ सेंट. समुद्र तोच, दशक तेच, आणि मोठा आकडा लहान ठरला. कंपनीने कराराचं एक अक्षर मोडलं नाही.

तिसरा शब्द ‘बांध’, आणि इथे सांभाळा, कारण इथे कंपनीचंच घोडं पेंड खातं. अबू धाबीच्या शेख शखबूत यांच्याशी ११ जानेवारी १९३९ रोजी झालेल्या करारात सगळा मुलूख, बेटं आणि त्यांच्या हद्दीतलं पाणी लिहून घेतलं. आणखी काय हवं? दहा वर्षांनी किनाऱ्यापासून दूर उथळ समुद्राच्या तळाखाली तेल असण्याची चाहूल लागली आणि शेखांनी तो तळ दुसऱ्याला द्यायला काढला. १९५१ मध्ये लवाद बसला. लॉर्ड अस्क्विथ या इंग्रज पंचाने निवाडा दिला की मोत्यांच्या किनाऱ्यावर १९३९ मध्ये झालेल्या लिखापढीत सागरमंचाची, म्हणजे किनाऱ्यापलीकडच्या उथळ समुद्रतळाची, कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती, तेव्हा तो करारात धरता येत नाही. तो तळ कंपनीच्या हातून गेला, आणि अबू धाबीत व्यापारी प्रमाणात तेल पहिल्यांदा लागलं ते १९५८ मध्ये त्याच समुद्रात, उम्म शैफला. मसुद्यात ‘आणि अजून शोध न लागलेलं सर्व काही’ एवढं घालायला विसरू नका.

स्थानिक धनी दोन असले तर दोघांशी वेगळे कागद करा. इराणात तेल शहाचं, पण विहिरी बख्तियारी खानांच्या डोंगरात. १९०५ मध्ये खानांना तिथल्या तेल कंपनीचे ३ टक्के शेअर आणि राखणदारीचे वर्षाला २,००० पौंड कबूल झाले. तेहरानला ते कधी मान्य झालं नाही. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-इ-सुलेमानला तेल लागल्यावर शुद्धीकरणासाठी अबादान बेटावर जागा लागली, ती मोहम्मराच्या शेख खजालकडून वर्षाला ६५० पौंड भाड्याने घेतली आणि वर त्याला १०,००० पौंड कर्ज दिलं. पुढे जगातला सगळ्यात मोठा तेलशुद्धीकरण कारखाना याच जागेवर उभा राहिला. १९२५ मध्ये तेहरानने शेखालाच उचलून नेलं. कंपनी शांत राहिली. भाडेकरूने घरमालकाच्या भानगडीत पडू नये.

आणि शेखाने दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये याची सोय आधीच झालेली असते. कुवेतच्या शेख मुबारक यांनी १९१३ मध्येच लिहून दिलं होतं की इंग्रज सरकार नेमील त्यालाच तेलाचा हक्क देऊ. बहरीनने १९१४ मध्ये तसंच लिहून दिलं. शेखाशी करार होण्याआधी लंडनचं सरकार कंपनीशी स्वतःचा वेगळा ‘राजकीय करार’ करी. त्यात शेखाच्या मुलखात कोणी काय करायचं ते ठरे, आणि सहीला शेख नसत. अमेरिकी कंपनीला बहरीनमध्ये शिरायचं तर इंग्रजी पोशाख हवा, म्हणून ती कॅनडात नोंदली गेली. पोशाख चढवायला हरकत नाही. तेल अमेरिकनांना लागलं, १९३२ मध्ये, आणि तिथे तेल नाहीच म्हणणाऱ्या अँग्लो-पर्शियनने ते पलीकडच्या किनाऱ्यावरून पाहिलं.

तेल सापडल्यावर घाई करू नका. कुवेतच्या बुर्गानमध्ये १९३८ ला तेल लागलं, महायुद्धात विहिरींत सिमेंट ओतलं. कतारमध्येही युद्धात तेच, आणि तिथलं तेल बोटीत चढेपर्यंत १९४९ चा डिसेंबर उजाडला. कारण खरं होतं, युद्ध होतंच. पण भिजत घोंगड्याचं भाडं किरकोळ असतं, हे ध्यानात ठेवा.

शेवटी कधीतरी समोरचा माणूस माप ओळखतो आणि अर्धेली मागतो. व्हेनेझुएलाला मिळाली, मग सौदीने १९५० मध्ये मागितली. द्या. निम्मं कशाचं, तर कंपनीनेच जाहीर केलेल्या भावावर काढलेल्या नफ्याचं. शिवाय ती रक्कम स्वामित्वधन म्हणून देऊ नका, सौदीचा आयकर म्हणून द्या, कारण परदेशात भरलेला आयकर अमेरिकेच्या करातून वजा होतो. सौदीत तेल काढणाऱ्या अमेरिकी कंपनीने, आराम्कोने, १९४९ मध्ये अमेरिकेला ४ कोटी ३० लाख डॉलर कर भरला आणि सौदीला ३ कोटी ९० लाख दिले. १९५१ मध्ये सौदीला ११ कोटी दिले आणि अमेरिकेला ६० लाख. अर्थात त्यासाठी आयकराचा कायदा सौदीने करावा लागतो. तो त्यांनी करायचं ठरवलं, तर मसुद्याला मदत करायला आपला माणूस पाठवा.