‘खाऱ्या पाण्यातल्या माशांना सुकं खाद्य घालू नका’: या सल्ल्यात काय चुकतंय

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात समुद्री टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) ठेवणाऱ्यांच्या मोबाईलवर एक मजकूर सतत फिरतो. त्याचं म्हणणं असं: सुके दाणे पोटात फुगतात आणि मासा मरतो, सुक्या खाद्याने पाणी नासतं, फ्रोझन म्हणजे गोठवलेलं खाद्य हेच खरं अन्न, आणि अगदीच नाइलाज झाला तर बाजारातला जवळा किंवा गोल्डफिशचे दाणे चालतात. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

जवळा कारवार-गोव्याकडून घाट चढून येतो आणि चटणीला उत्तम लागतो. पण उघड्या उन्हात वाळताना त्यातली चरबी खवट होऊ लागते, क जीवनसत्त्व फारसं उरत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तो पटकन बुरशी धरतो. रोजचं अन्न म्हणून तो अपुराच पडतो. गोल्डफिशच्या दाण्यांत गहू-सोयाबीन जास्त आणि प्रथिनं बहुधा 30 टक्क्यांच्या आसपास असतात. खरी उणीव मात्र चरबीत आहे. गोड्या पाण्यातले बरेच मासे वनस्पती-तेलापासून ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं शरीरातच तयार करतात. समुद्री माशांना ते जवळजवळ जमत नाही, कारण समुद्रात ती अन्नातूनच मिळत आलेली असतात. गोल्डफिशच्या दाण्यांवर क्लाउनफिश हा समुद्री मासा आठवड्यात मरत नाही; काही महिन्यांत तो फिका पडतो, पाठीवरचं मांस उतरतं, आणि तोवर दोष पाण्याला दिला जातो.

‘दाणे पोटात फुगतात.’ याची परीक्षा घरीच करा. टँकमधलं पाणी पेल्यात घ्या, दहा दाणे टाका आणि 15 मिनिटांनी बघा. दुप्पट फुगून भुगा झाला तर त्यात पिठाचं प्रमाण जास्त आहे. तो ब्रँड बदला. चांगला दाणा मऊ होतो, पण आकार फारसा बदलत नाही. शिवाय हाडांचा सांगाडा असलेले समुद्री मासे सतत समुद्राचं पाणी पितात, नाहीतर खारं पाणी त्यांच्या शरीरातलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे दाणा कोरडाच आतड्यात जातो ही समजूत टिकत नाही. दोन-तीन मिनिटं भिजवायला हरकत नाही. भिजलेला दाणा तरंगत न राहता खाली जातो आणि मासा पृष्ठभागावर हवा गिळत नाही. तासभर मात्र भिजवू नका. क आणि ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळून जातात.

‘सुक्या खाद्याने पाणी नासतं.’ इथे हिशोबच करून टाकू. 45 टक्के प्रथिनं असलेल्या 1 ग्रॅम दाण्यांत 0.45 ग्रॅम प्रथिनं, आणि प्रथिनांच्या वजनात साधारण 16 टक्के, म्हणजे 72 मिलिग्रॅम नायट्रोजन. त्या सगळ्याचं नायट्रेट (पाण्यात साठत जाणारा टाकाऊ क्षार) झालं तरी सुमारे 320 मिलिग्रॅम, म्हणजे 200 लिटर पाण्यात लिटरमागे 1.6 मिलिग्रॅम वाढ. फ्रोझन ब्राइन श्रिम्पचा (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाचा) क्यूब साधारण 3 ग्रॅमचा, त्यात प्रथिनं जेमतेम 5 टक्के. तेवढीच प्रथिनं द्यायला तीन क्यूब लागतील आणि नायट्रेटही तेवढंच येईल. फरक डोळ्यांना फसवतो: क्यूबमध्ये बहुतेक पाणीच असतं, दाण्यात ते 10 टक्क्यांच्या आत असतं, म्हणून चिमूटभर दाणे थोडे वाटतात आणि आपण आणखी टाकतो. पाणी नासतं ते त्या दुसऱ्या चिमटीने. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. माशाच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के दाणे दिवसाला पुरतात. 8 ग्रॅमच्या क्लाउनफिशला 0.1 ग्रॅमच्या आसपास. ते दोन-तीन वेळांत विभागा. रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टँकमध्ये परत आणणारा) 10 मिनिटं बंद ठेवा, वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) हळू चालू द्या, आणि दोन मिनिटांनंतर तळाला दाणे दिसले तर पुढच्या वेळी कमी करा.

‘फ्रोझन हेच खरं अन्न.’ मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव, क्यूबमध्ये गोठवलेला मिळतो) चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण पुण्याहून किंवा बंगळूरहून पार्सल वितळत आलं, किंवा खानापूरकडे करंट रात्रभर गेला, तर पुन्हा गोठवलेला क्यूब बॅक्टेरियाचं घर होतो. एकमेकांना चिकटलेले, कडेने काळपट क्यूब फेकून द्या.

दाणे निवडताना पाकिटावरचं ‘मरीन’ बघून थांबू नका; घटकांची यादी वाचा. पहिल्या तीन नावांत मासा, फिश मील, क्रिल किंवा स्क्विड हवं. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर पाकीट परत ठेवा. मांसाहारी माशांना प्रथिनं 40 ते 50 टक्के असावीत. टँग या शेवाळ खाणाऱ्या माशासाठी शेवाळ किंवा स्पिरुलिना असलेले दाणे घ्या आणि सोबत मीठ-मसाला-तेल नसलेली नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पातळ पान) द्या. 5 बाय 7 सेंटिमीटरचा तुकडा क्लिपने काचेला लावा, उरलेला संध्याकाळी काढा. लहान डॅम्सेल माशाला 0.5, क्लाउनफिशला 1 मिलिमीटरचा दाणा पुरे.

साठवणीत आपल्याकडे जास्त नुकसान होतं. रोज अर्धा ग्रॅम लागणाऱ्या घरात 50 ग्रॅमचं पाकीट शंभर दिवस पुरतं, मग स्वस्त पडतो म्हणून अर्ध्या किलोचा डबा कशाला? जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघडं पाकीट आठवड्यात गुठळ्या धरतं. दाणे छोट्या घट्ट बरण्यांत सिलिका जेलच्या पुडीसह भरा, एक बाहेर, बाकी फ्रिजमध्ये. फ्रिजमधली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. टँकवर बरणी धरून दाणे झटकू नका, ओली बोटं आत घालू नका. जुन्या तेलासारखा वास आला तर मायेने ठेवू नका.

फिरणाऱ्या मजकुरात एक गोष्ट मात्र खरी आहे: समुद्रातून पकडलेला नवा मासा दाण्याला अन्न मानत नाही. त्याला पहिले तीन-चार दिवस मायसिस किंवा बारीक चिरलेली कच्ची कोळंबी द्या, मग त्यातच, मायसिस वितळलेल्या पाण्यात भिजवलेले पाच-सहा दाणे मिसळा आणि दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवा. पोट आत गेलं तर थांबा, आधी त्याला भरवा. मँडरिन मासा आणि समुद्रघोडा यांच्याकडून मात्र दाण्यांची अपेक्षाच धरू नका. मँडरिन दिवसभर कोपेपॉड (अगदी बारीक जिवंत कवचधारी जीव) टिपतो, समुद्रघोड्याला मायसिस लागतो. त्यांना घेण्याआधी दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा, आणि मासा काय टिपतो ते बघूनच पैसे द्या.