व्हीलचेअरला लगेज तिकीट लावलं ओ यांनी

कालपासून डोकं तापलंय, कुणाला तरी बोलल्याशिवाय थंड व्हायचं नाही. कोल्हापूरला बहिणीच्या घराची वास्तुशांती होती. बेळगाव ते कोल्हापूर, अंतर ते केवढं, ११० किलोमीटरच्या आसपास, लोक सकाळी जातात, तांबडा-पांढरा ओरपून संध्याकाळी घरात असतात. आमची तयारी आदल्या दिवशीपासून. पोरगं ११ वर्षांचं, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूमुळं हातपाय ताब्यात राहत नाहीत, आधाराशिवाय बसता येत नाही, वजन २८ किलो, वरनं फिटचा त्रास. त्याचं सिरप, मिक्सरमधनं काढलेली पेज थर्मासमध्ये, डायपर, दोन चादरी, आणि नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे. तो स्प्रे माझ्या पर्समध्येच असतो, कारण फिट ५ मिनिटांच्या वर गेली की तो मारायचा असं डॉक्टरनी सांगितलंय, तेव्हा बॅग कुठाय बघत बसायला वेळ नसतो.

तर इकडच्या, कर्नाटकच्या गाडीत चढलो. चढलो म्हणजे ह्यांनी त्याला काखेत धरून वर घेतला, मी खालनं पाय उचलले, धाकटी मागनं थर्मास घेऊन, आणि दारात चार जण पुतळ्यासारखे उभे, सरकतील तर शपथ. कंडक्टरनं व्हीलचेअर बघितली आणि म्हणाला लगेज. मला वाटलं डिकीत ठेवा म्हणतोय. नाही, लगेजचं तिकीट. कांद्याच्या पोत्याला लावतात तसं. मी म्हटलं मामा, उद्या माझ्या चष्म्याचं पण काढशिला. तर "रूल्स ऐती री अक्का", म्हणजे नियम आहे ओ ताई. कन्नड मला चांगलं येतं, मी कन्नडमधनंच भांडले, त्यामुळं कुणी यात भाषेचं काही काढू नका. पैसे दिले, कारण मागं लोक "लवकर करा की ओ" करायला लागलेले आणि पोरगं तोंडाकडं बघत होतं.

येताना तिकडची गाडी, महाराष्ट्राची एसटी. तिकडं दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे म्हणून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्ड दाखवलं. कंडक्टर म्हणतोय हे तुमच्याकडचं कार्ड, इथं चालायचं नाही. मराठीत म्हणाला, एवढाच काय तो फरक. अहो कार्डावर भारत सरकार लिहिलंय की! कागलच्या पुढं दुसरा देश लागतो काय? इकडचा पास घ्यावा तर तो घरापासनं १०० किलोमीटरपर्यंत आणि राज्यातल्या राज्यात. बायकांना फुकट प्रवासाची कर्नाटकची शक्ती योजना, तिचं माझं शून्य रुपयाचं तिकीट पण हद्दीच्या आतच. आमचं माहेर, सोयरे, निम्मे डॉक्टर हद्दीच्या पलीकडं, आणि कागद मात्र दूधगंगेचा पूल दिसला की लुळे पडतात.

रेल्वेनं जायचं म्हटलं तर मिरजेला गाडी बदला, आणि सवलतीचं कार्ड आम्ही काढलं तेव्हा यूडीआयडी असून पण वेगळा फॉर्म, त्यावर सरकारी डॉक्टरची सही, मग रेल्वेचं वेगळं कार्ड. एकाच पोराला किती वेळा सिद्ध करायचं ओ?

बरं हे सगळं गिळलं असतं. पण टॉयलेट.

येतानाच्या स्टँडवर गाडीला पाऊण तास होता आणि पोरानं डायपर भरला. दिव्यांग टॉयलेट आहे, निळा बोर्ड आहे, रॅम्प पण आहे, रॅम्पवर दोन बुलेट लावलेल्या. त्या लावणाऱ्यांना हुडकून काढल्या, तर दाराला कुलूप. किल्ली कुणाकडं? कंट्रोलरकडं. कंट्रोलर म्हणे सफाईवाल्याकडं. सफाईवाला जेवायला गेलेला. तो बिचारा हात धुवून पळत आला, उघडलं, तर आत झाडू, फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या, आणि पुसायचे पोछे कमोडजवळच्या धरायच्या दांडीवर वाळत घातलेले! शेवटी बाहेर सिमेंटच्या बाकड्यावर चादर टाकली, एका बाजूनं ह्यांनी दुसरी चादर आडवी धरली, दुसऱ्या बाजूनं ८ वर्षांच्या धाकटीनं. तिचे हात भरून आले की चादर खाली यायची, मग "आई लवकर कर, तो माणूस बघतोय". ११ वर्षांचं पोरगं आहे ते, त्याला कळतं. एरवी स्टँडवर गाडी पुकारली की हसतो, काल मान फिरवून गप पडला होता. आणि वरनं एक बाई येऊन सांगते कशी, "अशा लेकराला कशाला एवढं हिंडवायचं, घरात ठेवायचं की." होय बाई, कुलूप घालून ठेवते, किल्ली सफाईवाल्याकडं.

कायदा आहे म्हणे. दिव्यांगांच्या हक्कांचा, २०१६ चा. कलम ४१ मध्ये स्टँड, स्टेशन, टॉयलेट, तिकीट खिडकी सगळं दिव्यांगांना वापरता आलं पाहिजे असं लिहिलंय, जुन्या सार्वजनिक इमारती ५ वर्षांत नीट करा असं पण आहे. नियम २०१७ ला आले, मुदत २०२२ ला संपली. बांधलं की त्यांनी टॉयलेट. पोछे वाळताहेत.

आणि सीमाप्रश्न पेटला की विचारूच नका. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टरला मारहाण झाली, दोन्हीकडच्या गाड्या बंद. नेमकी आमची न्यूरोची अपॉइंटमेंट पलीकडं. निपाणीपर्यंत एक गाडी, पुढं कोगनोळीपासनं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी गाडी, त्या वडापात पोराला मांडीवर आडवा घेऊन, चेअर वर टपावर. तेव्हा पण कुणाच्या तरी पोत्यांनी फूटरेस्ट वाकवलं होतं, आणि काल डिकीत परत तेच, तीच बाजू. वेल्डिंगवाला म्हणतोय आता रॉडच बदलायला लागेल.

पुढच्या महिन्यात परत जायचंय, यावेळी भाड्याची गाडी करून, काय पैसे जातील ते जाऊ देत. तेवढं बेळगाव ते कागल हायवेवर कुठल्या हॉटेलात, धाब्यावर एवढ्या मोठ्या पोराला आडवं करून बदलता येईल अशी जागा, आतनं कडी असलेली, कुणी डोळ्यानं बघितली असेल तर सांगा. पेट्रोल पंपाचं सांगू नका. जाऊन आलोय.