साहेब निघालेत

तुतारीला भोकं नाहीत, कळा नाहीत. पितळेची वळलेली नळी, एका टोकाला फुंकायचं, दुसऱ्या टोकातून निघेल ते समाजाला अर्पण. त्यामुळे जगातल्या प्रत्येक माणसाला ही आपल्याला येईल असं वाटतं. लग्नात नवरदेवाचा मामा तर हमखास येतो. "द्या हो जरा" म्हणून हातातून काढूनच घेतो, सगळा जीव एकवटतो आणि पलीकडून फुस्स! मग तो तुतारीकडे अशा नजरेनं बघतो की बिघाड तिच्यातच असणार.

आता मामाला कोण सांगणार की वाजतात ते ओठ. ओठ घट्ट मिटून मधून श्वास रेटला की ते थरथरतात आणि ती थरथर नळीत शिरून मोठी होते. ओठ आणखी आवळले की सूर थेट वर उडी घेतो. सा वरून प, प वरून वरचा सा. मधले सूर आमच्याकडे वस्तीला नसतात. मी काही सांगत बसत नाही, फुंकायचं टोक तेवढं धोतराला खसाखसा पुसतो. मामाच्या गालात तंबाखू असते.

घरात पिढ्यानपिढ्या वाजंत्री. वडिलांनी शिकवताना एकच बजावलं, "पुढचे दात सांभाळ." दात हलला की ओठाचा आधार गेला आणि धंदा बसला. म्हणून सांगली जिल्ह्यात जन्मून मी ऊस विळ्यानं कापून, बारीक कांड्या करून खातो. पाव्हणे हसतात. हसू देत, त्यांच्या दातांवर कुणाची चूल नाही.

पण दात, ओठ, फुफ्फुस हे सगळं सोपं. अवघड आहे ते वाट बघणं.

"आबा, तयार ऱ्हावा! साहेब निघालेत!"

"कुठनं?"

"घरनं."

याचा अर्थ साहेब अंघोळीला गेलेत. "रस्त्यात आहेत" म्हणजे जेवायला बसलेत. "पाच मिनिटांत" ऐकलं की आम्ही जाणती माणसं सावली शोधतो. अंगात भाड्याचा अंगरखा, डोक्यावर फेटा, वर मे महिना. चिवडा खायचा नाही, कण अडकतो. चहा कढत नको, ओठ पोळतो. सारखी जीभ ओठांवरून फिरवायची. एकदा तेवढ्यावरून वधूपक्षाच्या एका बाईंनी आमच्या जोडीदाराला झापलं होतं. मग धुरळा उठतो, कार्यकर्ता हात हलवतो, आम्ही दोघं छाती भरून फुंकतो. फटाके, टाळ्या, फुलं. आणि धुरळ्यातून उतरतो केटरिंगचा टेम्पो. आतला आचारी बिचारा नमस्कार करत करत भांडी उतरवून घेतो. साहेब येतात ते स्टेजच्या मागच्या दारानं, तेव्हा आमच्या ओठात जीव नसतो.

माउलींच्या पालखी सोहळ्यात बघा. तळ हलायच्या आधी तीनदा कर्णा होतो. तिसऱ्याला पालखी निघते, मग तुम्ही चहाच्या टपरीवर असा नाही तर आणखी कुठे. तिथं वाद्य वाजलं की लाखभर माणूस हलतं. इथं एक माणूस हलेना म्हणून मी तिष्ठत उभा.

बाकी धंदा बरा होता. शिवजयंती तारखेची की तिथीची, यावर भांडणारांचे तर आमच्यावर उपकारच आहेत. १९ फेब्रुवारीची सुपारी वेगळी, फाल्गुन वद्य तृतीयेची वेगळी. रायगडावर राज्याभिषेक ६ जूनला आणि पुन्हा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. हा वाद मिटू नये एवढंच मी जगदीश्वराच्या पायऱ्यांवर मागून आलोय.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं चिन्ह झालं आणि आम्ही बसल्या जागी राजकारणात आलो. समोरच्या बाजूच्या मंडळींचे फोन, "आबा, मावळे पाठवा, पण बिनतुतारीचे." एकानं तर सत्कारात तुतारी टॉवेलात गुंडाळून ठेवायला लावली. त्यातच लोकसभेला साताऱ्यात तुतारीचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि पिपाणीसारखं चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. लोकांना तुतारी आणि पिपाणीतला फरक कळत नाही हे आम्ही पूर्वीपासून सांगत आलोय. कुणी मनावर घेतलं नाही, आता आकड्यांत निघालं.

परवा एक इव्हेंटवाला पोरगा आला. घट्ट विजार, कानात यंत्र. म्हणाला, "आबा, तुम्ही नुसती तोंडाला लावून उभं राहायचं. आवाज लॅपटॉपवरनं सोडतो." मला आधी राग आला. मग मी पूर्ण दर सांगितला आणि तो लगेच हो म्हणाला, तेव्हा राग जरा निवला. कार्यक्रमादिवशी "साहेब निघालेत" ऐकून मी मंडपामागे बसलो. चिवडा खाल्ला, भजी खाल्ली, कढत चहा बशीत न ओतता प्यालो. ताफा आला तसा उठून तुतारी ओठाला लावली. कार्यक्रम संपल्यावर आमच्या गल्लीतले अण्णा मुद्दाम पुढे आले, माझा हात दाबला आणि म्हणाले, "आबा, इतकी वर्षं ऐकतोय, पण आज लई स्वच्छ वाजली."