रात्रपाळीची दाढ

दिवसा दाढ नुसती कुरकुरते. दवाखाने बंद झाले, घरात निजानीज झाली, आपण आडवे झालो, की ती कामावर रुजू होते. यात तिचा खवचटपणा नाही, शरीरशास्त्र आहे, हे कळल्यावरही माझा राग काही कमी झाला नाही. आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. दाढेच्या पोटातली नस सुजलेली असली, तर कडक भिंतींमध्ये तिला फुगायला जागाच नसते. मग ती ठणकते, नाडीच्या ठेक्यावर. उशांची चळत रचून टेकून बसलं की जरा उतार पडतो.

"नक्की कुठली रे?" आईनं विचारलं.

"डावीकडची."

"वरची की खालची?"

"डावीकडचं सगळंच. कानसुद्धा."

यात थट्टा नव्हती. आतली नस सुजली की खालची दाढ वरच्या दाढेचं नाव पुढे करते आणि कान फुकट बदनाम होतो.

एव्हाना घर जागं झालं होतं, आणि दुखऱ्या दाढेभोवती जमलेला प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. मामा म्हणाला, ॲस्पिरिनची गोळी दाढेत दाबून धर. त्यानं दाढ थांबत नाही, हिरडी मात्र पांढरी पडून भाजते. गोळीचा रस्ता पोटातूनच जातो. आत्या म्हणाली, गालावर शेक घे. सुजेला शेक म्हणजे आमंत्रण! त्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाहेरून १०-१५ मिनिटं बरा. लवंगेचं तेल तेवढं खरं: त्यातलं युजेनॉल थोडा वेळ बधिर करतं. चमचाभर ओतलं तर तेही पोळतं. दादानं कपाटातून कुणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकची पट्टी शोधून आणली. सुजलेल्या नसेपुढे तिचा काही उपयोग नसतो, पण शोधण्यात त्याचा वेळ छान गेला.

पहाटे ठणका अचानक थांबला. सगळे आनंदानं झोपले. मी मात्र दवाखाना उघडण्याची वाट पाहत बसलो, कारण असा फुकटचा आराम पुष्कळदा नस मेल्याची वर्दी असते. दुखणारी मेली तरी जंतू मुळाशी आपलं काम चालूच ठेवतात.

डॉक्टरांनी आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर टिचक्या मारल्या. चौथ्या टिचकीला मी खुर्चीतून अर्धा उठलो. "सापडली," ते म्हणाले. मग गारठवलेला कापसाचा बोळा तिला लावून माझ्याकडे बघत राहिले. निरोगी दातात कळ येते आणि लगेच जाते. अर्ध्या मिनिटानंतरही रेंगाळली, तर नसेचं काही खरं नसतं. माझ्या दाढेला काहीच कळलं नाही. "रूट कॅनाल," त्यांनी निकाल दिला. वर बजावलं, की सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडला, तर माझी वाट बघू नका, थेट मोठं इस्पितळ गाठा. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम आला, तर ते दाढेचं नव्हे, हृदयाचं असू शकतं.

इतक्यात ताई धावत आत आली. एका हातात सहा वर्षांचा भाचा, दुसऱ्या हातात दुधाचा पेला, पेल्यात दात. खेळताना पडून निखळला होता. तिनं सगळं शिस्तीत केलं होतं: मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं उचलला, न घासता हलकेच धुतला आणि अर्ध्या तासाच्या आत आणला. डॉक्टरांनी पेल्यात डोकावून बघितलं.

"ताई, कायमचा दात असता तर आत्ता बसवला असता. हा दुधाचा आहे. हा परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला इजा होते."

त्यांनी भाच्याची हिरडी आणि ओठ तपासले, बोळा दाबून धरायला दिला.

भाचा पेल्याकडे बघत बोळ्याआडून म्हणाला, "मग हे दूध आता मला प्यायला लावणार नाहीस ना?"